मागचे दोन शॉकॲब्सॉर्बर आणि मामांचा मोबाईल

गुरुवार, १२ फेब्रुवारी

तीर्थरूप मामांस,

मधल्या भाचीचा साष्टांग नमस्कार. तुमची जीप आम्ही घेतली तेव्हापासून मी तुम्हाला एकही पत्र लिहिलं नाही, त्याबद्दल सगळ्यात आधी माफी मागते. वेळ झाला नाही असं लिहिणार होते. पण रोज डायरी लिहायला वेळ होतो आणि मामांना चार ओळी लिहायला होत नाही, हे माझं मलाच पटलं नाही, तेव्हा खरं कारण पुढे ओघात येईल. तुमचा गुडघा कसा आहे? मामी लेकीच्या बाळंतपणाला गेल्यापासून जेवणाचं काय करता? डबा लावला असेल तर डबा देणाऱ्या बाईंवर तुम्ही संशय घेत असालच, पण निदान तो खाऊन मग घेत जा. इकडे आम्ही दोघंही ठीक आहोत. (हे वाक्य लिहून मी जरा थांबले. मी ठीक आहे. हे सोमवारपर्यंत ठीक आहेत. सोमवारनंतरचं काही सांगता येत नाही, आणि त्यासाठीच हे पत्र आहे.)

पुढे जाण्याआधी एक खुलासा. मंगळवारी दुपारी तुम्हाला एका बाईचा फोन आला होता. ती बाई म्हणजे मी. हे तुम्हाला तेव्हा पटलं नाही, आणि शांतपणे विचार केला तर तुमच्या जागी मलाही पटलं नसतं. आपलं बोलणं मी त्याच दिवशी डायरीत उतरवून ठेवलं होतं. तुमच्या आठवणीशी ताडून पाहता यावं म्हणून ते जसंच्या तसं देते.

"मामा, मी बोलतेय."

"मी म्हणजे कोण?"

"तुमची भाची."

"मला चार भाच्या आहेत."

"मधली."

"चारांत मधली कुठून आली?"

"धाकटी उशिरा झाली ना मामा. तोवर मला मधली म्हणायची सवय लागली होती सगळ्यांना."

"मधलीचा आवाज असा नाही."

"सर्दी झालीय."

"फोनवरून मागणाऱ्या सगळ्यांना सर्दीच झालेली असते. काय हवंय?"

"काही नको. तुमच्या मोबाईलवर आत्ता सहा आकडे येतील, तेवढे फक्त वाचून दाखवा."

हे शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि माझ्याच कानांनी मी ते ऐकलं. मामा, विम्याच्या कचेरीत दावे तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. या एका वाक्यामुळे ज्यांचं होत्याचं नव्हतं झालं अशा माणसांचे अर्ज माझ्या टेबलावर येतात आणि मी त्यांना चष्म्याच्या वरून विचारते, "असे कसे सांगितलेत हो तुम्ही आकडे?" तुम्ही नोकरीभर तिकीट तपासनीस होतात. समोरचा माणूस तिकीट दाखवेपर्यंत विनातिकीट, हे तुमचं तत्त्व तुम्ही घरच्या लग्नांतही पाळलंत. लोक खोटं बोलतात म्हणूनच आपल्या दोन्ही घरांच्या चुली पेटल्या. तेव्हा तुम्ही आकडे सांगितले नाहीत याचा मला राग नाही. उलट क्षणभर अभिमानच वाटला. राग आला तो तुमच्या पुढच्या प्रश्नाचा.

तुम्ही विचारलंत, "तू मधली ना? मग सांग, मी तुला सायकल शिकवत होतो तेव्हा उतारावर कोण पडलं?"

मी म्हटलं, "तुम्ही." आणि तुम्ही फोन ठेवलात.

आता यावर मला थोडं लिहायलाच हवं. तुम्ही सीट धरून मागे धावत होतात. उतार लागला. तुम्ही "धरलंय, धरलंय" म्हणत होतात, आणि ते ऐकू येईनासं झालं म्हणून मी मागे पाहिलं, तर तुम्ही खडीच्या ढिगाऱ्यावर पालथे. मी खाली नळाच्या खांबापर्यंत जाऊन, पाय टेकून, व्यवस्थित उतरले. घरी आल्यावर तुम्ही आजीला सांगितलंत की पोरगी पडली आणि तिला सावरताना मला लागलं. तेव्हापासून आपल्या घरात हीच गोष्ट चालत आलेली आहे. खरचटलं कोणाला होतं हे कोणी पाहिलं नाही, कारण मी मुलगी होते आणि तुम्ही कमावते होतात. मंगळवारी फोनवर मी नुसतं "मी" म्हटलं असतं तर काम झालं असतं. एका अक्षराचा प्रश्न होता. पण ओळख पटवण्यासाठी खोटं बोलायचं म्हणजे ती ओळख कोणाची, असा विचार माझ्या मनात आला (असे विचार मला नेमके चुकीच्या वेळी येतात, हे यांचं म्हणणं बरोबर आहे), आणि मी खरं बोलून मोकळी झाले.

त्यानंतर थोड्या वेळाने मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडचा माणूस म्हणाला, "मी मामा बोलतोय. मघाशी तू फोन केला होतास का?" मला वाटलं, कोणीतरी आपलं बोलणं चोरून ऐकलं आणि आता मामा बनून मलाच गंडा घालतंय. मी म्हटलं, मामा असाल तर सांगा, सायकल शिकवताना उतारावर कोण पडलं. तो माणूस म्हणाला, "तू." मी फोन कापला आणि तो नंबर कायमचा बंद करून टाकला. आता वाटतं की ते तुम्हीच असणार, शेजाऱ्यांचा फोन घेऊन खात्री करून घेत असणार, कारण इतक्या ठामपणे ही गोष्ट दुसरं कोणीही सांगणार नाही. काल यांनीही तुम्हाला फोन केला होता. तुम्ही त्यांनाही तेच विचारलंत म्हणे. ते म्हणाले, "मला काय ठाऊक, माझं लग्न नंतर झालं." त्यावर "पाठ करून तरी यायचं" असं म्हणून तुम्ही फोन ठेवलात. म्हणून हे पत्र. हस्ताक्षर तुम्ही ओळखता.

आता मूळ प्रकरण. यांचं काम तुम्हाला ठाऊक आहे. डोंगरावर नवा रस्ता जायचा तर आधी हे जातात, तिपाईवर यंत्र लावतात, एका डोळ्याने पाहतात आणि जमिनीत खुंट्या ठोकतात. जिथे रस्ता नाही तिथेच यांचं काम असतं, म्हणून तुमची जीप घेतली. तुम्ही ती डोंगर हिंडायला घेतली होती, पण गुडघ्याने दगा दिला आणि गाडी भाजी आणण्यापलीकडे कुठे गेली नाही. नवी कोरीच होती. तरीही तुम्ही ती आम्हाला इतक्या स्वस्तात दिलीत की यांना आनंद झाला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. मामा स्वस्तात का देतायत? (मी त्या आधीच्याच आठवड्यात एक दावा नामंजूर केला होता. काकाने पुतण्याला गाडी स्वस्तात दिली होती आणि इंजिनात काहीही शिल्लक नव्हतं.) मला माहीत होतं की तुम्ही तसे नाही. पण माहीत असणं आणि संशय नसणं या दोन गोष्टी माझ्या बाबतीत शेजारी शेजारी राहतात, एकमेकींकडे जात-येत नाहीत. मनात तो संशय ठेवून तुम्हाला "प्रकृतीस जपावे" लिहिणं मला जमेना. म्हणून पत्र नाही. हे ते खरं कारण.

मागच्या पंधरवड्यात हे गाडी तेल बदलायला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेले आणि हसत घरी आले. म्हणाले, "आपल्या गाडीला कंपनीने परत बोलावलंय. मागचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर बदलून देणार आहेत, फुकट." यांना जगात कोणी काही फुकट दिलं की माणुसकी अजून शिल्लक आहे असं वाटतं. मला कोणी काही फुकट दिलं तर मी आधी ते उलटं करून पाहते. मी विचारलं, काय बिघडलंय? ते म्हणाले, खालच्या जोडाचं वेल्डिंग कच्चं आहे म्हणे. सपाट रस्त्यावर काही नाही, खडबडीत वाटेवर तो जोड तुटला तर शॉकॲब्सॉर्बर सुटून चाकात अडकू शकतो आणि गाडी हाताबाहेर जाते. "पण तुटलेला थोडाच आहे," असं म्हणून ते चहा प्यायला लागले. खडबडीत वाट सोडून या माणसाने गेल्या कित्येक महिन्यांत दुसऱ्या कशावरून गाडी नेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा काढून वर्कशॉपमध्ये गेले. बाहेर काचा, आत थंडगार, सोफे, आणि कोपऱ्यात कॉफीचं यंत्र. कॉफीही फुकट. काचेपलीकडे कोणाची तरी गाडी हवेत उचलून धरली होती आणि तिच्या पोटाखाली दोघं जण मान वर करून उभे होते. टेबलापलीकडच्या बाई इतक्या हसतमुख होत्या की मी पर्स मांडीवर घेऊन बसले. मी विचारलं, "हे फुकट का?"

त्या म्हणाल्या, "चूक आमची आहे ना मॅडम, म्हणून."

मामा, विम्याच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी एकदाही ऐकलेलं नाही. आमच्याकडे भिंत गाडीवर येऊन आदळते, झाड रस्त्याच्या मधे येऊन उभं राहतं, पण चूक आमची असं कोणी म्हणत नाही. माझा संशय जिथल्या तिथे दुप्पट झाला. मला वाटलं, हे चांगले शॉकॲब्सॉर्बर काढून घेणार, दुसऱ्या कुणाला विकणार आणि आम्हाला रंग दिलेले जुने लावून पाठवणार. मी बाईंना म्हटलं, "काढलेले जुने मला परत मिळतील का?" त्या म्हणाल्या, "नाही मॅडम, ते कंपनीला परत पाठवावे लागतात, कोणी पुन्हा वापरू नयेत म्हणून." बरोबर हेच उत्तर चोरानेही दिलं असतं. कॉफी न पिता मी घरी आले.

मग मी ठरवलं की आपणच पाहायचं. दुपारी पार्किंगमध्ये सतरंजी अंथरली, टॉर्च घेतला आणि गाडीखाली शिरले. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी माझे पाय पाहिले आणि विचारलं की कोणाला बोलावू का. मी आतूनच म्हटलं, नको, मी पाहतेय फक्त. ते म्हणाले, काय पाहतेयस? मी म्हटलं, शॉकॲब्सॉर्बर. थोड्या वेळाने माझ्या दोन्ही बाजूंना आणखी पाय दिसू लागले, आणि वर गाडीच्या किमतीवर, सरकारवर आणि माझ्या प्रकृतीवर चर्चा सुरू झाली. मला काय दिसलं ते सांगते. चाकांच्या आतल्या बाजूला सायकलच्या पंपासारखे दोन जाडजूड पंप दिसले. खाली जिथे ते जोडलेले होते तिथे माती होती. माती खरवडली तर आत लोखंड होतं. लोखंडाला तडा असेल तर तो कसा दिसतो हे मला माहीत नव्हतं, आणि नसेल तर कसा दिसत नाही हेही माहीत नव्हतं. दिसलं नाही म्हणजे नाही, असं मी कोणत्याही दाव्यात मान्य करत नाही. मी बाहेर आले तेव्हा केसांत ग्रीस होतं आणि आजोबा कोणाला तरी सांगत होते की ही बाई हुशार आहे पण एकटी पडते.

राहिला एकच उपाय. गेल्या आठवड्यात मी यांच्याबरोबर डोंगरावर गेले. मागच्या सीटवर बसले, कारण मला मागचं ऐकायचं होतं. डांबरी रस्ता संपेपर्यंत काही नाही. कच्ची वाट लागली आणि प्रत्येक खड्ड्याला मागून टक्, टक् असा आवाज यायला लागला. मी म्हटलं, ऐकलंत? ते म्हणाले, तिपाई आपटते आहे. मी तिपाई मांडीवर घेतली. टक्. ते म्हणाले, खुंट्यांची पिशवी असेल. पिशवीही मांडीवर घेतली. टक्. मग मोजपट्टी, हातोडा, पाण्याची कॅन असं एकेक करून मागचं सगळं सामान माझ्या अंगावर आलं, आणि आवाज जिथे होता तिथेच राहिला. ते म्हणाले, "जीप आहे, थोडी बोलणारच." मी काही बोलले नाही, कारण हातोड्याचा दांडा माझ्या हनुवटीखाली होता.

एका वळणावर वाट उजवीकडे वळते आणि डावीकडे काही नाही, म्हणजे फक्त दरी आहे. तिथे मागचं चाक एका दगडावरून उतरलं आणि गाडीचा मागचा भाग आपोआप दरीकडे सरकला. फार नाही, हातभर. यांनी स्टिअरिंग सावरलं, गाडी सरळ केली आणि शीळ घालायला लागले. मामा, हे कधी शीळ घालत नाहीत. त्यांनी ती एकदाच घातली होती, माझ्या ऑपरेशनच्या वेळी, डॉक्टर बाहेर येऊन काही सांगेपर्यंत. त्या शिळेने मला कळलं की कंपनीचं खरं आहे, बाईंचं खरं आहे, आणि चूक त्यांचीच आहे असं त्या खरंच म्हणत होत्या. गाडी घरी आली. दारात मी हात पुढे केला आणि त्यांनी किल्ली दिली. ती तेव्हापासून माझ्या पर्समध्ये आहे.

आता हे बसने जातात. बस पायथ्याशी सोडते, तिथून वर यंत्र आणि तिपाई खांद्यावर. परवा खांदा इतका सुजला होता की शर्ट काढायला मला मदत करावी लागली. पण सोमवारी ठेकेदार आणि त्याचे वरचे साहेब येणार आहेत, त्यांना शेवटच्या खुंटीपर्यंत फिरवायचं आहे. भाड्याची गाडी त्या वाटेला यायला कोणी तयार नाही, मी चौकशी केली. हे म्हणाले, "सोमवारी किल्ली दे, मी हळू चालवीन." भांडले नाहीत. भांडले असते तर मी नाही म्हटलं असतं. इतक्या साधेपणाने किल्ली मागणाऱ्या माणसाला काय सांगायचं? नाही म्हटलं तर हातचं काम जाईल, हो म्हटलं तर ते वळण आहे.

तेव्हा मंगळवारी मी परत वर्कशॉपमध्ये गेले, या वेळी कॉफीही घेतली (पाणचट होती), आणि बाईंना म्हटलं, आजच्या आज बदला. त्यांनी संगणकात पाहिलं आणि पहिल्यांदाच त्यांचं हसू कमी झालं. सरकारी कागदांवर गाडी आमच्या नावावर आहे, पण कंपनीच्या संगणकात मालक अजून तुम्हीच. हे सुटे भाग मोजून येतात, गाडीगणिक आणि मालकागणिक. नाव बदलायचं तर जुन्या मालकाच्या मोबाईलवर सहा आकडे जातात आणि त्याने स्वतः ते सांगावे लागतात. मी म्हटलं, हा कसला नियम? म्हणजे तोंडाने म्हटलं. मनात म्हटलं, नियम उत्तम आहे, मी केला असता तर असाच केला असता, फक्त आकडे आठ ठेवले असते. शुक्रवारपर्यंत होकार आला तर शनिवारी काम होईल, एवढी जागा त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवली आहे. रविवारी वर्कशॉप बंद.

आणि आता ते सांगते जे सांगायला मला जड जातंय. बाई म्हणाल्या, "या मालकांना आम्ही तीन वेळा संदेश पाठवलाय." पहिला संदेश आपला व्यवहार व्हायच्या आधीच्या महिन्यातला होता. मी कॉफीचा कप खाली ठेवला. म्हणजे मामांना माहीत होतं. म्हणून स्वस्तात. माझा इतक्या महिन्यांचा संशय तिथे कागदोपत्री खरा होऊन उभा होता, आणि मी तुम्हाला खरं सांगते, मला त्यात काडीचाही आनंद झाला नाही. उलट वाटलं, एकदा तरी चुकायला हवं होतं. तेवढ्यात बाईंनी पुढचा शेरा वाचून दाखवला. कंपनीच्या एका मुलीने तुम्हाला फोनही केला होता. शेरा असा: "ग्राहकाने आमच्या प्रतिनिधीस तिचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव व घरचा पत्ता विचारला, तिकीट आहे का असे विचारले, व पोलिसांत देण्याची ताकीद देऊन फोन बंद केला. प्रतिनिधी रडली." बाई म्हणाल्या, "तिकीट कसलं मॅडम, आम्हाला कोणालाच कळलं नाही." मला कळलं. मी त्या थंडगार खोलीत एकटीच हसत बसले आणि बाईंनी माझी कॉफी बदलून आणली.

तेव्हा मामा, तुम्हाला काही माहीत नव्हतं. तुम्ही संदेश वाचलेच नसणार, आणि वाचले असतील तर खरे मानले नसणार. स्वस्तात का दिलीत, हे अजून मला कळलेलं नाही. (यांना विचारलं तर म्हणाले, "भाची आहेस म्हणून." हे उत्तर मी तपासासाठी राखून ठेवलंय.) माझ्या मनात जे होतं त्याबद्दल मला लाज वाटते आहे. पण एक विचारू? माझ्याबद्दल तुमच्याही मनात तेच आलं असतं की नाही? आलं असतं तर मला बरं वाटेल.

पत्राच्या शेवटी एक मागणं. या वेळी ओळख पटवायला दुसरा कोणताही प्रश्न विचारा. आजीच्या मांजराचं नाव विचारा, आपल्या जुन्या घराच्या जिन्याची कोणती पायरी वाजायची ते विचारा, मामी तुमच्यावर पहिल्यांदा कशावरून रुसली तेही मला ठाऊक आहे. पण तुम्ही सायकलीचंच विचारणार, हे मला माहीत आहे. विचारलंत तर मी "मी पडले" असं म्हणेन. तोंडी म्हणेन, लेखी देणार नाही. आणि ते म्हणताना मला त्या वळणावरची शीळ ऐकू येत असेल, एवढं लक्षात असू द्या.

गुडघ्याला शेकत जा. मामीला माझा नमस्कार कळवा.

तुमची,
चारांतली मधली भाची

ता. क. पाकीट चिकटवताना एक गोष्ट लक्षात आली. ते सहा आकडे दहाच मिनिटं चालतात, आणि हे पत्र टपालाने मंगळवारी पोचेल. सोमवार मंगळवारच्या आधी येतो. पत्र लिहायला बसले तेव्हाच हे सुचायला हवं होतं, पण तेव्हा मी सायकलीचा विचार करत होते.

ता. क. दुसरा. तुम्ही मला आकडे सांगूच नका, मला नकोतच. गाडीबरोबर आलेली कंपनीची जुनी पुस्तिका तुमच्या कपाटात असेल, तुम्ही काही टाकत नाही. तिच्यावर वर्कशॉपचा नंबर छापलेला आहे. तिथे तुम्ही स्वतः फोन करा आणि आकडे त्या बाईंनाच सांगा. नंबर मी इथे लिहीत नाही. मी दिलेला नंबर तुम्ही खरा का मानावा? आणि बाईंकडे त्या रडलेल्या मुलीची चौकशी केलीत तर बरं होईल.

ता. क. तिसरा. यांनी आत्ता मागे उभं राहून हे सगळं वाचलं आणि म्हणाले, "एवढं लिहिण्यापेक्षा स्वतः का नाही जात? तीन तासांची तर बस आहे." मी दिवसभर घराबाहेर असावं असं यांना का वाटतंय, याचा मी बराच विचार केला. किल्ली पर्समध्ये आहे आणि पर्स माझ्याबरोबर येईल. तेव्हा सूचना मंजूर. हे पत्र मी टपालात टाकत नाही.

(डायरीतली नोंद) उद्याचं काम: पहिल्या बसने जाऊन हे पत्र मामांच्या दाराखालून आत सरकवणे, आणि त्यांचं वाचून होईपर्यंत बाहेर उभं राहणे.